मॉर्मन चर्च पुढे किती बदलेल आणि कुठे अडेल: युटात वीस वर्षं हेच बघत आलेय, त्यावरून सांगते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कंपनीच्या कामाने पुण्याहून युटातल्या लीहायला आलात, शेजारी मॉर्मन कुटुंब आहे, माणसं अतिशय चांगली आहेत, त्यांचा थोरला आता दोन वर्षांसाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, घानाला निघालाय. आणि तुम्ही विचारताय की यांच्या प्रमुखाला देव थेट सांगतो असं हे मानतात, एकेकाळी अनेक बायका करणं हा धर्म होता, आज केल्या तर चर्चमधून काढतात, मग यांच्यात कायमचं असं काही आहे का? पन्नास वर्षांनी हे इतर ख्रिस्ती चर्चसारखेच होतील, की अमिश लोकांसारखे एका कोपऱ्यात आपलंआपलं धरून राहतील?

मी मूळची सोलापूरची, २००४ मध्ये पीएचडीसाठी सॉल्ट लेकला आले आणि इथेच राहिले, आता एका कॉलेजात धर्माचं समाजशास्त्र शिकवते. मी या चर्चची सभासद नाही आणि विरोधकही नाही. पण वीस वर्षांत बिशप, मिशनवरून परतलेली मुलं, चर्च सोडलेले, सोडून परत आलेले, अशा शेकडो लोकांशी तासन्‌तास बोललेय, दर सेमिस्टरला विद्यार्थ्यांना घेऊन रविवारच्या सभेत जाऊन बसते. खालचं सगळं त्यातून आलेलं आहे.

आधी नावाचं सांगते. त्यांना आता मॉर्मन म्हटलेलं आवडत नाही. २०१८ मध्ये तेव्हाचे प्रेसिडेंट रसेल नेल्सन यांनी ठणकावून सांगितलं की पूर्ण नाव वापरा, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि त्यांच्या जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबरनॅकल क्वायरच्या नावातलाही मॉर्मन शब्द गेला. मी इथे मॉर्मन लिहितेय कारण मराठीत तेच पटकन कळतं आणि याच परंपरेतल्या दुसऱ्या चर्चचंही पुढे बोलायचंय. शेजाऱ्यांशी बोलताना मात्र लॅटर-डे सेंट म्हणा, त्यांना बरं वाटेल.

आता खरा प्रश्न. "हे बदलतील का" हा तो नव्हेच, कारण बदलणं त्यांच्या श्रद्धेतच बसवलेलं आहे. त्यांच्या श्रद्धेच्या तेरा कलमांतलं नववं कलमच असं आहे की देवाने जे प्रकट केलं ते आम्ही मानतो, आज करतोय ते मानतो, आणि पुढेही बऱ्याच मोठ्या गोष्टी तो प्रकट करणार आहे. म्हणजे पुस्तक बंद झालेलं नाही. प्रश्न असा हवा की बदल कोणाच्या दाबाने होतो, कुठल्या गोष्टीला हात लागतो आणि कुठल्या गोष्टीला लावला तर सगळी इमारतच हलेल. हे तीन धागे सुटे केले की भविष्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

बऱ्यापैकीच म्हणतेय, कारण परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. प्रेसिडेंट कोण होतो आणि किती वर्षं जगतो, अमेरिकेतला कायदा कुठे वळतो, आफ्रिकेतली वाढ टिकते का. शिवाय देशागणिक हे चर्च वेगळं दिसतं, लीहायच्या वॉर्डवरून मनिलाच्या वॉर्डबद्दल बोलू नये. (वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, आणि तिचा बिशप म्हणजे बिनपगारी, शेजारपाजारचाच कोणीतरी दंतवैद्य नाहीतर अकाउंटंट.)

यंत्रणा कशी चालते ते बघा. वर एक प्रेसिडेंट, त्याला ते संदेष्टा मानतात, त्याच्या खाली दोन सल्लागार आणि बारा प्रेषितांचं मंडळ, सगळे तहहयात. प्रेसिडेंट वारला की बारांच्या मंडळात सगळ्यात आधी नेमलेला प्रेषित प्रेसिडेंट होतो, मतदान नाही, प्रचार नाही, रांग आधीच लागलेली असते. नेल्सन २०२५ च्या सप्टेंबरात १०१ व्या वर्षी गेले आणि ऑक्टोबरात डॅलिन ओक्स ९३ व्या वर्षी प्रेसिडेंट झाले. आणि महत्त्वाचं म्हणजे मोठे निर्णय एकमताने घ्यायचे हा दंडक आहे. एकानेही मान हलवली नाही तर विषय पुढे ढकलला जातो, कधी कधी वर्षानुवर्षं. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे काहीच हलत नाही, आणि मग एका सकाळी पत्रक निघतं आणि सव्वाशे वर्षांची गोष्ट एका परिच्छेदात संपते. तत्त्वतः एका माणसाला देव सांगतो, व्यवहारात पंधरा म्हाताऱ्या माणसांचं मन एका ठिकाणी यावं लागतं. माझ्या मते त्यांच्या भविष्याची किल्ली या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे.

बहुपत्नीत्वाचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून त्याचंच घेते. चर्च स्थापन झालं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात, संस्थापक जोसेफ स्मिथला १८४४ मध्ये इलिनॉयच्या कार्थेज गावी तुरुंगात जमावाने मारलं, ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. बहुपत्नीत्व आधीपासून गुपचूप चालू होतं, १८५२ मध्ये जाहीर केलं. मग अमेरिकन सरकारने तीस-पस्तीस वर्षं पिच्छा पुरवला, १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची कायदेशीर संस्थाच बरखास्त केली, मालमत्ता जप्त करायला सुरुवात झाली, मे १८९० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी सप्टेंबरात प्रेसिडेंट विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढला की आता असे विवाह नकोत. पुढे १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

यावरून लोक काढतात तो निष्कर्ष म्हणजे सरकारने दाबलं आणि ते वाकले. अर्धं खरं आहे. पण वुड्रफ यांनी स्वतःच्या लोकांना काय सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे, की देवाने मला दाखवलं, हे चालू ठेवलं तर टेम्पल (रविवारच्या सभेची जागा वेगळी, ही खास विधींची पवित्र वास्तू) हातातून जातील, पुढारी तुरुंगात जातील, टेम्पलमधले विधी थांबतील. म्हणजे मांडणी "कायदा म्हणतोय म्हणून" अशी नव्हती, "आपलं मूळ काम वाचवायला हे सोडावं लागेल" अशी होती. आणि लगेच सगळं थांबलंही नाही, काही नेत्यांच्या मूक संमतीने असे विवाह होत राहिले, १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढावा लागला, त्यानंतर दोन प्रेषितांना बारांच्या मंडळातून बाहेर पडावं लागलं. ज्यांना हे मान्यच झालं नाही त्यांच्यातून आजचे कट्टर गट निघाले, वॉरन जेफ्स हा त्यातल्याच एकाचा म्होरक्या, २०११ पासून जन्मठेप भोगतोय. त्यांच्याशी तुमच्या शेजाऱ्यांचा काडीचा संबंध नाही, हे गावाकडच्या नातेवाइकांना आवर्जून सांगा.

आता १९७८. माझ्या मते भविष्य समजून घ्यायचं असेल तर हे एक वर्ष नीट समजून घ्यावं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

ब्रिगहॅम यंगच्या काळापासून, १८५२ पासून, आफ्रिकन वंशाच्या पुरुषांना या चर्चमध्ये याजकपद, म्हणजे धार्मिक विधी करायचा अधिकार, मिळत नव्हतं. बाकी बारा वर्षांच्या पोरालाही याजकपद मिळतं, त्यामुळे हा केवढा अपमान होता ते लक्षात घ्या, शिवाय कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना टेम्पलमध्ये विवाहविधीही करता येत नव्हता. साठच्या दशकात अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ पेटली, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या संघांविरुद्ध खेळायला इतर कॉलेजांतली मुलं नकार द्यायला लागली, १९६९ मध्ये वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या चौदा कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडूंनी निषेधाच्या काळ्या फिती बांधायची इच्छा बोलून दाखवली तर त्यांना संघातूनच काढलं. एवढा गदारोळ होऊनही चर्च हललं नाही. उलट घट्ट झालं.

मग हललं कशाने? ब्राझीलने. १९७५ मध्ये साव पावलोला टेम्पल बांधायचं जाहीर झालं. ब्राझील म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रक्त मिसळलेला देश, कोणाच्या पणजोबाचे वडील आफ्रिकेतून आले होते हे कोण सांगणार? तिथले कृष्णवर्णीय सभासद टेम्पलसाठी पैसे देत होते, राबत होते, आणि ते उभं राहिल्यावर त्यांनाच आत जाता येणार नव्हतं. हेल्व्हेसिओ मार्टिन्स हे त्यातलं ठळक नाव, टेम्पलच्या प्रसिद्धीचं काम त्यांच्याकडे होतं आणि प्रवेश मात्र नाही. तिकडे नायजेरिया आणि घानात तर लोकांनी चर्चची पुस्तकं वाचून आपणहून मंडळ्या स्थापल्या होत्या आणि सॉल्ट लेकला पत्रांवर पत्रं लिहीत होते की मिशनरी पाठवा, आम्हाला बाप्तिस्मा द्या. प्रेसिडेंट स्पेन्सर किंबॉल हे सगळं बघत होते. महिनोन्‌महिने टेम्पलमध्ये एकटे जाऊन प्रार्थना करत, प्रेषितांशी एकेकट्याने बोलत, आणि १ जून १९७८ ला सगळ्यांसोबतच्या प्रार्थनेत उत्तर मिळालं असं त्यांनी सांगितलं. जे दोन प्रेषित तिथे नव्हते त्यांचीही संमती घेतली. आठवड्याभरात पत्रक निघालं. त्याच वर्षी साव पावलोचं टेम्पल उघडलं, नोव्हेंबरात नायजेरिया-घानात मिशनरी पोचले, आणि मार्टिन्स १९९० मध्ये चर्चच्या वरिष्ठ अधिकारीवर्गात नेमले गेले.

मला एका सत्तरीच्या बाईंनी मुलाखतीत सांगितलं होतं की रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा त्या प्रोव्होजवळ गाडी चालवत होत्या, रस्त्याच्या कडेला थांबवली आणि रडल्या, आणि आजूबाजूला बघितलं तर आणखी गाड्या थांबलेल्या. त्या आयुष्यभर चर्चच्या निष्ठावंत, कधी मोर्च्याला गेल्या नाहीत, बाहेर एक शब्द बोलल्या नाहीत. पण आत त्यांनाही ते टोचत होतंच. बाहेरचे लोक ही गोष्ट फार विसरतात.

तर १८९० आणि १९७८ मिळून काय दिसतं? बाहेरून ओरडलं की दारं बंद होतात, गोंगाट निवला की उघडतात. नियम तेव्हा जातो जेव्हा तो त्यांच्याच मूळ कामाच्या, म्हणजे टेम्पल आणि मिशनच्या, आड येतो. आणि ढकलणारे टीकाकार नसतात, उंबरठ्यावर थांबलेले श्रद्धाळू असतात. नियम जाताना चूक झाली असं कोणी म्हणत नाही, फक्त त्याबद्दल बोलणं थांबतं. वंशबंदीमागे जी कारणं पूर्वी शिकवली जायची ती आम्ही नाकारतो, असं चर्चने स्पष्ट लिहिलं ते २०१३ च्या डिसेंबरात, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

तिसरा धागा राहिला, खोलीचा. वंशबंदी काढता आली कारण ती मुळात नव्हतीच. जोसेफ स्मिथच्या हयातीत, १८३६ मध्ये, एलिजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला याजकपद मिळालेलं होतं. म्हणजे मागे जाऊन टेकायला जागा होती. कुठल्याही बदलाबद्दल अंदाज करायचा तर मी आधी बघते की मागे टेकायला अशी जागा आहे का.

हे धरून पुढचं सांगते. जे वरवरचं आहे ते झपाट्याने बदलतच राहील. नेल्सन यांच्या सात-आठ वर्षांतच बघा, रविवारची तीन तासांची सभा दोन तासांवर आली, मिशनवरच्या मुलांना पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा तो दर आठवड्याला झाला (शेजारच्या माऊलीला हे ठाऊक असेलच), बॉय स्काउट्सशी शंभरेक वर्षांचं नातं २०१९ च्या अखेरीला संपवलं, नियमांचं हँडबुक जे फक्त अधिकाऱ्यांकडे असायचं ते २०२० पासून कोणालाही वाचायला खुलं आहे. सगळ्यात बोलकं उदाहरण मला वाटतं ते त्यांच्या पवित्र अंतर्वस्त्रांचं. टेम्पलविधी झालेले सभासद कपड्यांखाली ती रोज घालतात, त्यांना आपण जानव्याला देतो तसा मान आहे, त्यामुळे यावर हसू नये. तर २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचा उघड्या बाह्यांचा नवा प्रकार जाहीर झाला, आणि तो आधी कुठे मिळायला लागला तर उष्ण आणि दमट देशांत. युटातल्या बायका कित्येक वर्षं सांगत होत्या की उन्हाळ्यात त्रास होतो. पण दार उघडलं ते उष्ण देशांकडून. पुन्हा तेच, साव पावलोचंच सूत्र.

बायकांचं काय, हे मला विद्यार्थी हमखास विचारतात. माझा अंदाज असा की कामं वाढत जातील, पद मिळणार नाही, निदान पुढची वीस-तीस वर्षं तरी. १९७९ मध्ये समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी लढणाऱ्या सोनिया जॉन्सनना आणि २०१४ मध्ये बायकांना याजकपद द्या म्हणणाऱ्या केट केलींना चर्चने बहिष्कृत केलं. पण त्याच २०१४ च्या एप्रिलात ओक्स यांनी भाषणात असं मांडलं की चर्चने नेमून दिलेलं काम बाई करते तेव्हा ती याजकपदाच्याच अधिकाराने करते, पद नसलं तरी. तेव्हा अनेकांनी हे शब्दांचे खेळ म्हणून सोडून दिलं, मला मात्र ते दाराला ठेवलेली फट वाटली. २०१९ मध्ये टेम्पलविधीतली बायकांसाठीची काही वाक्यं बदलली, बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून बायका आणि मुली चालायला लागल्या. छोट्या गोष्टी वाटतील, पण तुमची मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिच्या बाप्तिस्म्याला तिची आजी साक्षीदार म्हणून उभी आहे असं डोळ्यासमोर आणा, मग कळेल. मागे टेकायला जागाही थोडी आहे, १८४२ मध्ये जोसेफ स्मिथनेच बायकांची रिलीफ सोसायटी काढली होती आणि तेव्हा तो त्यांच्याशी काय बोलला याची टिपणं आहेत, आजच्या बायका ती बारकाईने वाचतात.

समलिंगी विवाहाचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांशी असहमत आहे. ते म्हणतात १९७८ झालं तसं हेही होईल. मला तसं वाटत नाही, कारण इथे खोली वेगळी आहे. या धर्माचा गाभाच असा आहे की मृत्यूनंतर सर्वोच्च स्थान एकट्याला मिळत नाही, टेम्पलमध्ये कायमचं बांधलेल्या स्त्री-पुरुष जोडप्याला मिळतं, देवही त्यांच्या कल्पनेत पिता आहे आणि त्याच्यासोबत स्वर्गीय माता आहे. १९९५ च्या कुटुंबविषयक घोषणापत्रात हे पक्कं करून ठेवलंय. हा पायातला दगड आहे, वंशबंदी म्हणजे त्यामानाने नंतर बांधलेली भिंत होती. त्यात वाढ जिकडे होतेय तो आफ्रिका खंड या विषयात युटापेक्षा कडक. उंबरठ्यावरचे श्रद्धाळू इथे विरुद्ध दिशेला खेचतात.

पण वागणुकीत फरक पडेल आणि पडलाय. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहबंदीसाठी चर्चने जीव तोडून प्रचार केला, तेच चर्च २०१५ मध्ये युटात समलिंगी लोकांना घर आणि नोकरीत संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या पाठीशी उभं राहिलं आणि २०२२ मध्ये विवाहांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय कायद्यालाही, धार्मिक संस्थांना सूट आहे म्हणून, पाठिंबा दिला. बाहेर तडजोड, आत नियम तोच. आणि माझा एक अंदाज साफ चुकला तेही सांगते. २०१५ च्या नोव्हेंबरात नियम आला की समलिंगी जोडप्याच्या घरात राहणाऱ्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही. नेल्सन यांनी तेव्हा त्याला प्रकटीकरण म्हटलं होतं, म्हणून मी वर्गात ठामपणे सांगितलं की हा एक पिढी तरी टिकणार. साडेतीन वर्षांत, एप्रिल २०१९ मध्ये, मागे घेतला, तोही प्रकटीकरणानेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी टीकाकारांचा आवाज मोजत होते, आणि आज्या-आजोबांचा मोजलाच नव्हता. ज्यांची नातवंडं बाप्तिस्म्यावाचून राहणार होती ते सगळे वॉर्डातले खांब होते. एक बिशप मला म्हणाला होता की त्या महिन्यात माझ्या ऑफिसात जेवढे म्हातारे रडले तेवढे पाच वर्षांत रडले नव्हते.

"इतर चर्चसारखे होतील का" याचं उत्तर द्यायला आयतं उदाहरण आहे. जोसेफ स्मिथच्या मृत्यूनंतर सगळे युटाला गेले नाहीत, मागे राहिलेल्यांनी १८६० मध्ये त्याच्या मुलाच्या नेतृत्वाखाली वेगळं चर्च काढलं, आज त्याचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट, मुख्यालय मिसुरीतल्या इंडिपेंडन्सला. त्यांनी पुरोगामी वाट धरली, १९८४ मध्ये प्रकटीकरणाने बायकांना याजकपद दिलं, पुढे समलिंगी सभासदांनाही जागा दिली, २०२५ मध्ये तर एक बाई, स्टॅसी क्रॅम, प्रमुख झाल्या. माणसं प्रेमळ आहेत, मी त्यांच्याकडे दोन उन्हाळे काढलेत. पण १९८४ नंतर हजारो लोक फुटून गेले आणि आज सभासद अडीच लाखांच्या आसपास. २०२४ मध्ये त्यांना कर्टलंडचं टेम्पल, जोसेफ स्मिथने बांधलेलं पहिलं टेम्पल, इतर ऐतिहासिक वास्तू आणि कागदपत्रांसकट सुमारे १९ कोटी २५ लाख डॉलरला युटाच्या चर्चला विकावं लागलं. सॉल्ट लेकचे नेते हे बघत नसतील असं मला अजिबात वाटत नाही. पण म्हणून पुरोगामी झालं की चर्च संपतं असा सरळ हिशोब कोणी मांडला तर तोही मला पटत नाही, कारण कडक राहिलेल्यांचीही तरुण मुलं अमेरिकेत गळतायत.

आकड्यांबद्दल सांभाळून बोलायला मी १९८४ वरूनच शिकले. त्या वर्षी रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने गणित मांडलं की दर दशकाला पन्नास टक्के वाढ धरली तर २०८० पर्यंत मॉर्मन साडेसव्वीस कोटी होतील, तीस टक्के धरली तरी सव्वासहा कोटींच्या वर. २०२४ अखेर चर्चच्या दप्तरी पावणेदोन कोटी सभासद आहेत, वेग केव्हाच मंदावलाय, आणि दप्तरी सभासद म्हणजे सभेला येणारा माणूस नव्हे. ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत सव्वादोन लाख लोकांनीच आपला धर्म हा सांगितला, चर्चच्या नोंदीत तेव्हा अकरा लाखांच्या वर होते. युटातही सॉल्ट लेक काउंटीत आता निम्म्याहून कमीच लोक सभासद आहेत. पण २०२४ या एका वर्षात तीन लाखांच्या वर नवे बाप्तिस्मे झाले, आणि आफ्रिकेचा त्यातला वाटा वाढतोच आहे. १९७८ पर्यंत जिथे मिशनरी जात नव्हते त्या काँगोच्या किन्शासात २०१९ मध्ये टेम्पल उघडलं.

आणि पैसा. सभासद उत्पन्नाचा दशमांश देतात. २०१९ मध्ये आतल्याच एका माणसाने उघड केलं की चर्चच्या गुंतवणूक संस्थेकडे सुमारे शंभर अब्ज डॉलर साठलेत, २०२३ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने माहिती लपवल्याबद्दल मिळून पन्नास लाख डॉलर दंड केला. एवढा पैसा असलेल्या संस्थेला सभासद घटले म्हणून घाईघाईने बदलायची गरज पडत नाही, कितीही वर्षं थांबता येतं. अमेरिकेतली तरुण मंडळी इथेच फार दुखावलेली मला दिसतात, आमच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन दिलं, हे वाक्य किती मुलाखतींत ऐकलंय. पारदर्शकतेच्या बाबतीत म्हणूनच मला पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खऱ्या बदलाची आशा आहे.

तुम्ही पुण्याचे म्हणून एक सांगते. हे लोक पुण्यात १८५० च्या दशकातच आले होते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला, मग पुण्यात गोऱ्या शिपायांमध्ये प्रचार करायला लागला, लष्करी अधिकाऱ्यांनी आडकाठी केली, तरी मूठभर लोकांची मंडळी उभी राहिली. तेवढ्यात युटातून बहुपत्नीत्वाच्या घोषणेची बातमी येऊन थडकली आणि हिंदुस्थानातलं सगळंच काम बसलं. सॉल्ट लेकमध्ये घेतलेला एक निर्णय पुण्याच्या लष्करात काय करतो, हे तेव्हाच दिसलं होतं. आज भारतात त्यांचे सभासद पंधरा हजारांच्या आसपास, पहिलं स्टेक, म्हणजे वॉर्डांचा मोठा गट, २०१२ मध्ये हैदराबादला झालं, आणि बंगळुरूला टेम्पल बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं. फरक इतकाच की आता बातमी उलट दिशेनेही जाते. बारा प्रेषितांत आता ब्राझीलचे उलिसेस सुआरेस आहेत, चिनी वंशाचे गेरिट गाँग आहेत, ब्रिटनचे पॅट्रिक कीरॉन आहेत. आफ्रिकेतला अजून एकही नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मी वर्गातला नेहमीचा धडा बाजूला ठेवणार.

म्हणून तुमच्या दोन पर्यायांपैकी मला दोन्ही पटत नाहीत. येशू, ईस्टर, साधी उपासना यावर भर वाढलाय त्यामुळे बाहेरून ते इतर ख्रिश्चनांसारखे दिसत जातील, टेम्पलच्या आत मात्र वेगळेच राहतील, आणि अमिश होण्याचा प्रश्नच नाही कारण अमिश प्रचाराला बाहेर पडत नाहीत, हे अठराव्या वर्षी पोरं घानाला पाठवतात. पन्नास वर्षांनी कायदेशीर मुख्यालय सॉल्ट लेकलाच असेल, पण नियम कुठल्या हवामानाला धरून शिवायचा ते अक्रा, लागोस आणि साव पावलो ठरवतील असं मला वाटतं.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर तो परत आला की त्याला घरी जेवायला बोलवा आणि तिथला रविवार कसा असायचा ते विचारा, बिशप किती वयाचा होता, गाणी कुठल्या भाषेत म्हणायचे, काय बघून आश्चर्य वाटलं. आफ्रिकेतून परतलेली बरीच मुलं मला सांगतात की तिथल्या मंडळीत पन्नाशीचा माणूससुद्धा नवा सभासद असतो, सगळं चर्चच तरुण वाटतं, आणि इथे परतल्यावर घरचा वॉर्ड एकदम म्हातारा दिसायला लागतो. चहा-कॉफी त्याला चालणार नाही. लिंबू सरबत करा.